पिंपामागचा डबा

विक्रोळीतली चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, चाळकऱ्यांना त्यात जागा मिळाल्या आणि नळाला चोवीस तास पाणी आलं. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन रुक्मिणी घाडीने मान्य केल्या. तिसरीवर तिचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. नळाचं काय, आज वाहतोय, उद्या नुसता खाकरेल, असं ती म्हणते आणि दुपारचा चहा झाला की पदर खोचून पाणी भरायला उठते. चाळीत पाणी त्याच वेळेला यायचं. टॉवरमध्ये येऊन तीन वर्षं झाली, पण चहाचा कप विसळला की तिचे हात आपोआप पाइपकडे जातात.

बिल्डरने बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनसाठी एक कोनाडा काढून दिला होता. खाली पाणी जायला जाळी, वर नळ, आणि मागच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक प्लग. घरात मशीन यायच्या आधीच रुक्मिणीने त्या कोनाड्यात चाळीतून आणलेली दोन निळी पिंपं बसवली. मशीन आलं ते बिचारं किचनच्या गॅलरीत गेलं. पिंपं चांगली छातीला लागतील एवढी उंच, आणि प्लास्टिक इतकं जुनं की आतल्या पाण्याची रेघ बाहेरून दिसते. त्यांची शिस्तही ठरलेली होती. काल भरलेलं पाणी आज शिळं. ते सकाळी कपड्यांना, लादीला, संडासाला वापरून संपवायचं, पिंप घासायचं आणि चहानंतर ताजं भरायचं, अगदी काठोकाठ.

तिचा नवरा नंदू कंपनीत फिटर होता, आता रिटायर होऊन पेपर वाचतो. तो म्हणायचा, "हिला तळ्याच्या मधोमध घर बांधून दिलं ना, तरी ही दोन हंडे भरून ठेवील." वरच्या मजल्यावरच्या द्रौपदीने तर टॉवरमध्ये आल्या आल्या आपली पिंपं भंगारवाल्याला दिली होती. लिफ्टमध्ये भेटली की ती हटकून विचारायची, "काय घाडीवहिनी, भरलं का धरण?" रुक्मिणी म्हणायची, हो भरलं, आणि लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहायची. चेष्टेने तिचं काही बिघडत नसे.

बिघडलं ते नेटमुळे.

तिचा मुलगा सिद्धेश एका कॉल सेंटरमध्ये होता. ते ऑफिस बंद पडलं आणि हा घरी बसला. बसल्या बसल्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागला, आणि खेळता खेळता तोंडाने जे बोलायचा ते लोकांना लाइव्ह दाखवायला लागला. त्याचं बोलणं अस्सल मालवणी. "अरे मेल्या, मागे बघ, मागे! गेलो रे गेलो, कोंबड्यासारखो गेलो!" रुक्मिणीला पहिल्यांदा वाटलं की पोराचं डोकं फिरलं. पण कुडाळपासून कल्याणपर्यंतची पोरं ते ऐकायला जमायला लागली. मग गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या एका कंपनीने त्याला विचारलं, की आमच्या सामन्यांचं मराठीतलं समालोचन करशील का? घरूनच करायचं. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस बघू, जमलं तर पुढे कायमचं. सिद्धेशने घरात ही बातमी सांगितली तेव्हा नंदूने पेपर खाली ठेवला होता, यावरून काय ते समजा.

अडचण एवढीच होती की संध्याकाळ झाली की त्याच्या खोलीत नेट टिकत नसे.

फायबरची वायर दाराशी, हॉलमध्ये. सिद्धेशची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये जाड भिंती. म्हणून त्याने तीन पांढरे डबे आणले होते, मेश म्हणतात त्याला. पहिला हॉलमध्ये, दुसरा पॅसेजमध्ये, तिसरा त्याच्या टेबलावर. आग लागली की चाळीतली माणसं बादल्या जशी हातोहात पुढे देत, तसं पहिल्याने नेट दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पॅसेजमध्ये प्लग एकच, तो कोनाड्यातला. सिद्धेशने एका सकाळी पिंपांच्या मागे हात घालून मधला डबा तिथे अडकवला, आपल्या खोलीत जाऊन तपासलं आणि ओरडला, "झकास!" त्या वेळी पिंपं धुऊन रिकामी केलेली होती. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

सकाळी झकास, दुपारी झकास, आणि संध्याकाळी सामना ऐन रंगात आला की पडद्यावर गोल फिरायला लागायचं. सिद्धेशचा माणूस गेममध्ये भिंतीला नाक लावून उभा, समोरचा येऊन त्याला गोळी घालून जायचा, आणि बघणाऱ्यांना सिद्धेशचा आवाज तुटक तुटक. बंद दाराआडून त्याची हाक यायची, "हॅलो, ऐकू येतंय का? येतंय का ऐकू?" रुक्मिणीला स्वयंपाकघरात ते ऐकून कसंसंच व्हायचं. आपलं पोर कोणाला तरी हाका मारतंय आणि कोणी ओ देत नाही, असं वाटायचं तिला.

घरात उपाय सुरू झाले. संध्याकाळी टीव्ही बंद, म्हणजे नंदूची बातम्यांवाचून उपासमार. मिक्सर बंद, मायक्रोवेव्ह बंद. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी, आणि दोन्ही वेळा मोबाइल पुढे धरून म्हणाला, "बघा ना, फुल स्पीड. संध्याकाळी लोड असतो सगळीकडे." एकदा सिद्धेशने हॉलपासून खोलीपर्यंत जमिनीवरून लांबलचक वायर टाकली. दुसऱ्या दिवशी लादी पुसताना रुक्मिणीने ती ओढून टाकली आणि तिसऱ्या दिवशी नंदू तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचला. भिंतीला भोक पाडून वायर न्यायला नंदू तयार नव्हता. सगळं आयुष्य चाळीत काढल्यावर मिळालेलं घर, त्याला तो साधा खिळाही ठोकू देत नसे. मोबाइलच्या नेटवर काम भागवावं तर त्या आतल्या खोलीत धड फोनसुद्धा लागत नसे. सगळ्यांचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पाण्यावर कोणी घेतला नाही. पिंपं सिद्धेशच्या जन्माआधीपासून घरात होती, ती दिसायचीच कोणाला?

आणि मग एका जेवणात सूनबाईंनी विषय काढला. श्रुतिका मूळची मुलुंडची, पवईला ऑफिसात नोकरी. शांत मुलगी. आमटीचा भुरका घेऊन झाल्यावर म्हणाली, "आई, आम्ही एक विचार करतोय. सिद्धेशचा मित्र आहे ना, चैतन्य, त्याचा पवईचा फ्लॅट रिकामा होतोय. तिकडे वायर थेट खोलीत आलीये. मलाही ऑफिस जवळ पडेल."

"कायमचं?" नंदूने विचारलं.

"नाही हो बाबा, कामापुरतं," सिद्धेश ताटात बघत म्हणाला. "इथे नेट पुरत नाही, काय करू? रविवारपर्यंत बघतो. तिन्ही सामने नीट गेले तर प्रश्नच नाही. नाहीतर पहिल्या तारखेला जाऊ."

रुक्मिणी म्हणाली, "बघा तुमचं काय ते." आणि कोणी मागितली नसताना सगळ्यांना पळीपळी आमटी वाढली.

नेट पुरत नाही. हे वाक्य तिने ओळखलं होतं. तिने ते स्वतः वापरलेलं होतं, फक्त त्यात नेटच्या जागी पाणी होतं.

लग्न करून ती परळच्या खोलीत आली तेव्हा घरात सासू, थोरले दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि हे दोघं. जावेशी तिचं एक मिनिट पटलं नाही. चूक कोणाची होती हे आता विचारू नये. वर्षभराने तिने नंदूच्या मागे लागून विक्रोळीला खोली बघायला लावली, आणि सासूला कारण काय सांगितलं, तर इथे पाणी पुरत नाही. विक्रोळीला दारात नळ आहे. सासू साधी बाई होती. ती म्हणाली, "पाण्यासाठी कशाक जातास गो? तुझ्या वाट्याचा पाणी मी भरीन."  रुक्मिणी खाली मान घालून ट्रंक भरत राहिली. विक्रोळीला नळ दारात नव्हताच, चाळीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तिथून तिने पुढे कितीतरी वर्षं हंडे वाहिले. सासूला खरं कारण कळलं होतं की नव्हतं, हे तिला कधीच समजलं नाही. सासू तोंडाने बोलली नाही आणि आता जाऊनही खूप वर्षं झाली.

त्यामुळे पवईचं नाव निघाल्यापासून रुक्मिणी मनात याद्या करत बसली होती. आपण काय बोललो? गावच्या भावाशी फोनवर बोलताना "घरात बसून ओरडतो दिवसभर" असं म्हणालो होतो, ते सिद्धेशने ऐकलं का? श्रुतिकाने बाहेरून जेवण मागवलं त्या दिवशी आपण तोंड वाकडं केलं होतं, ते लागलं का? बरं, विचारावं तर विचारणार कसं? तिला स्वतःला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर तिने तरी खरं सांगितलं असतं का? नसतंच सांगितलं. पाण्याचंच नाव घेतलं असतं पुन्हा.

तिला रविवार नीट जायला हवा होता. नीट गेला आणि तरीही ती दोघं निघाली, तर मग काय ते कळेलच, ही भीतीसुद्धा होती.

त्यातच सोसायटीची नोटीस लागली. टाकी साफ करायची असल्याने शनिवारी पाणी बंद, रविवारी सकाळी सुरू होईल. बाकीच्यांनी एकेक बादली भरून ठेवली. रुक्मिणीला मात्र सण आल्यासारखं झालं. शुक्रवारी चहानंतर तिने दोन्ही पिंपं ओसंडेपर्यंत भरली, वर झाकणं घातली, हंडे, कळश्या, पातेली, इडलीपात्रसुद्धा भरलं, आणि घरात जाहीर केलं की आधी भांड्यांतलं वापरायचं, पिंपांना मी सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

शुक्रवारचा सामना तीनदा तुटला. शनिवारचा त्याहून वाईट गेला. मध्ये तर इतका वेळ पडदा थिजला की बघणाऱ्यांना सिद्धेशचं अर्धवट उघडं तोंड तेवढं दिसत होतं. सामना संपल्यावर स्पर्धेचं काम बघणाऱ्या क्षमाचा फोन आला. सिद्धेशने तो हॉलमध्ये येऊन घेतला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आला. "तू बोलतोस मस्त रे, लोकांना आवडतंय. पण उद्या फायनल आहे. उद्याही असं झालं तर मला दुसरा माणूस बसवावा लागेल. राग मानू नकोस." सिद्धेश म्हणाला, "नाही, राग कसला," आणि फोन खिशात टाकून आपल्या खोलीत गेला. रविवारी सकाळी रुक्मिणी चादरी बदलायला त्यांच्या खोलीत गेली तर पलंगाच्या खणातून दोन मोठ्या बॅगा बाहेर काढून ठेवलेल्या. श्रुतिका पटकन म्हणाली, "धूळ झटकायला काढल्यात, आई." रुक्मिणीने मान हलवली. परळ सोडताना तिनेही ट्रंकेवरची धूळ आधीच झटकून ठेवली होती.

रविवारी सकाळी पाणी आलं नाही. टाकी स्वच्छ झाली होती, पण पंप सुरूच होईना. मेकॅनिक येतोय, टँकर सांगितलाय, असं करत दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली, आणि चौदा मजल्यांच्या त्या टॉवरमध्ये, जिथे लिफ्टमध्ये आरसा आणि गच्चीवर बाग होती, तिथे माणसं रिकाम्या बादल्या घेऊन एकमेकांकडे बघायला लागली.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात बेल वाजली. दारात द्रौपदी, हातात बादली, चेहऱ्यावर जगातली सगळी लाज. घरी जावई आला होता, आणि संडासात ओतायला तांब्याभर पाणी नव्हतं.

"वहिनी, देता का थोडं?"

रुक्मिणीला धरणाची आठवण करून द्यायचा मोह झाला नाही असं नाही. पण आतून सिद्धेशची हाक आली, "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि तिचं चित्तच थाऱ्यावर राहिलं नाही. "पाणी व्हया तर ने गो," ती म्हणाली, "फक्त हळू बोल. आत माझ्या झिलाचा काम चाललाय."

तिने झाकण काढलं आणि तांब्याने पाणी उपसून बादली भरून दिली. द्रौपदीने जाऊन सांगितलं असावं, कारण मग रांगच लागली. दादू आला, नंदूचा कंपनीतला जुना दोस्त, पाचव्या मजल्यावरचा. मग कोणाची सून आली, कोणाची आजी आली. रुक्मिणी ओठांवर बोट ठेवून प्रत्येकाला आत घेत होती आणि उपसत होती. आज तिच्यावाचून इमारतीचं अडलं होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. एक पिंप अर्ध्याखाली गेलं, मग तिने दुसऱ्याचं झाकण काढलं. नंदू कानाशी येऊन कुजबुजला, "अगो, आपल्याला ठेव काहीतरी." ती म्हणाली, "माणसाक नको म्हणू?"

दुसरं पिंप अर्ध्याखाली आलं तेव्हा रांग संपली. तिने कपाळावरचा घाम पुसला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की बराच वेळ ती हाक ऐकू आलेली नाही. खोलीतून सिद्धेशचा आवाज धबधब्यासारखा येत होता. "अरे ह्यो खंयसून इलो? मेल्या, झाडामागे काय झोपलंस?" तिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन मोबाइलवर त्याचं चॅनेल लावलं. तिथे तिच्या फोनला रेंज असायची. चित्र सुरळीत चाललं होतं, गोल फिरत नव्हतं, आणि खाली लोकांची वाक्यं भराभरा वर सरकत होती. श्रुतिका मागे येऊन उभी राहिली. तिने हळूच सासूचा हात धरला. "आई, आज टिकलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात टँकर आला. दादू आणि नंदू खाली गेले आणि लिफ्टने दोन दोन बादल्या घेऊन वर आले. वहिनींनी सगळ्यांना दिलं, आता आधी वहिनींचं भरायचं, असं दादूने ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघरात दोघींना पत्ता नाही, आणि तिकडे या दोन म्हाताऱ्यांनी मोठ्या मायेने चार बादल्या पिंपांत ओतल्या, आणखी चार आणल्या, त्याही ओतल्या.

मोबाइलवर गोल फिरायला लागलं.

"हॅलो," आतून आवाज आला. "हॅलो, ऐकू येतंय का?"

रुक्मिणी पॅसेजमध्ये धावली. नंदू रिकामी बादली हातात घेऊन कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती पिंपांकडे बघत होती. मघाशी उपसताना मागच्या भिंतीवर कसलासा पांढरा उजेड दिसला होता, तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. आता तो उजेड लाल झाला होता, आणि पाण्याची रेघ त्या डब्याच्या वर गेली होती. रोज संध्याकाळी पिंपं भरून झाली की भिंतीवर हाच लाल रंग पडायचा. तिला वाटायचं, रात्रीचा दिवा असेल त्याचा.

तिला नेटमधलं काही कळत नव्हतं. पण पाणी खाली गेलं तेव्हा पोरगा बोलत होता आणि पाणी वर आलं तेव्हा तो अडकला, एवढं तिला स्वच्छ दिसलं. आता उपसायला वेळ नव्हता आणि न्यायला माणसंही नव्हती, सगळी टँकरवर गेली होती.

"बाजूला व्हा," ती नंदूला म्हणाली. तिने पहिल्या पिंपाच्या काठाला दोन्ही हात घातले, पाय भिंतीला रोवला आणि पिंप आडवं केलं.

तांब्याभर पाणी सांडलं तर ज्या बाईचा दिवस खराब जायचा, तिने ते सगळं पाणी जाळीवर ओतून दिलं. जाळीला ते झेपलं नाही. पाणी पॅसेजभर झालं, नंदूच्या लेंग्याच्या टोकांना लागलं, हॉलकडे निघालं. दादू म्हणाला, "वहिनी, काय झालं तुम्हाला?" ती म्हणाली, "दुसरा धरा, एकटीच्यान होणा नाय माझ्या." कारण न विचारता दादूने दुसरं पिंप धरलं. श्रुतिका गाऊन वर धरून हॉलच्या दारात पायपुसणी टाकत होती. भिंतीवरचा उजेड लाल होता, लाल होता, मग लुकलुकला आणि पांढरा झाला.

सगळे तसेच पाण्यात उभे राहिले. आतून आवाज आला, "सॉरी हां मंडळी, जरा अडकलो. तर खंय होतो आपण? हां. मेल्या, मागे बघ."

रुक्मिणी आडव्या पिंपावर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

फायनल पुढे तासभर चालली आणि एकदाही तुटली नाही. संपल्यावर सिद्धेश हेडफोन गळ्यात टाकून नाचतच बाहेर आला आणि पॅसेजमध्ये पाऊल टाकताच घसरता घसरता वाचला. "हे काय केलंय तुम्ही लोकांनी?"

"तो डबा बघ," रुक्मिणी म्हणाली. "माझी पिंपां भरली की त्याचा तोंड बंद होता. रिकामी केली की बोलता."

सिद्धेशने डब्याकडे बघितलं, पिंपांकडे बघितलं, आणि त्या ओल्या लादीवरच बसकण मारली. "वाट लागली यार माझी," तो म्हणाला आणि हसायलाच लागला. "मी लोकांना रोज सांगतो, आये. चॅनेलवर सांगतो. राउटर फिशटँकच्या मागे ठेवू नका, पाणी सिग्नल खातं. आणि माझ्याच घरात दोन टाक्या." नंदू म्हणाला, "मासे नव्हते ना त्यात, म्हणून दिसल्या नाहीत तुला." यावर श्रुतिका इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. क्षमाचा फोन आला तेव्हाही ती हसतच होती, आणि क्षमा पुढच्या महिन्याच्या सामन्यांचं बोलतेय हे कळल्यावर तिने हसता हसता डोळे पुसले.

मग सगळे मिळून पाणी काढायला लागले. दादू घरी गेला, नंदू लेंगा बदलायला गेला, श्रुतिका पायपुसणी पिळायला गॅलरीत गेली. सिद्धेश खराट्याने पाणी जाळीकडे लोटत होता. रुक्मिणी त्याच्याजवळ आली.

"खरा सांग माका," ती म्हणाली. "नेटसाठीच जाणार होतास ना? दुसरा काय नाय?"

"दुसरं काय असणार?"

"माझा काय बोलणा लागला, श्रुतिकाक काय लागला."

सिद्धेश खराटा धरून उभा राहिला. "तुला एवढे दिवस असं वाटत होतं? अगं, पवईला जायचं म्हणून ती दोन दिवस धड जेवली नाही. तिला सकाळचा चहासुद्धा आयता मिळतो इथे." त्याने खराटा डब्याकडे रोखला. "नेटसाठीच गं, आये. तू स्वतः बघितलंस ना आत्ता?"

बघितलं होतं. म्हणूनच तिचा विश्वास बसला. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर बसला नसता, कारण तोंडाने काय सांगता येतं हे तिला माहीत होतं. सगळा दोष तिच्या पिंपांचा, म्हणजे तिचाच निघाला होता, आणि आपली चूक निघाली म्हणून इतका आनंद तिला जन्मात कधी झाला नव्हता. परळच्या त्या खोलीत एक बाई, तुझ्या वाट्याचं पाणी मी भरीन, असं म्हणून उभी राहिली होती. त्या सासूला असं डोळ्यांनी बघायला काही मिळालं नव्हतं. रुक्मिणीने मनातल्या मनात तिची माफी मागितली, पहिल्यांदाच.

श्रुतिका गॅलरीतून परत आली. मग आपल्या खोलीत जाऊन तिने दोन्ही बॅगा उचलून पलंगाच्या खणात टाकल्या आणि पाय मारून खण बंद केला. तो आवाज पॅसेजपर्यंत आला.

तेवढ्यात कोनाड्यातला नळ खाकरला, दोनदा थुंकला आणि वाहायला लागला. पंप सुरू झाला होता. रुक्मिणीने सिद्धेशच्या हातातला खराटा काढून घेतला.

"चल, ही पिंपां गॅलरीत घे मशीनच्या बाजूक," ती म्हणाली. "दोन्ही रिकामी झाली आहेत, भरूक होयी."